जेत्यांची वास्तू, जितांचा इतिहास

परकी सत्ता निघून जाते, पण तिने बांधलेल्या इमारती मागे राहतात. त्यांचे पुढे काय करावे, हा प्रश्न मुक्त झालेल्या प्रत्येक समाजापुढे उभा राहतो. तैपेई येथील राष्ट्रीय तैवान संग्रहालय पाहताना त्याचे एक उत्तर हाती लागते.

शिमोनोसेकीच्या तहाने १८९५ साली चीनने तैवान जपानच्या स्वाधीन केले. जपानचा अंमल तेथे १९४५ पर्यंत टिकला. त्यातील १८९८ ते १९०६ ही वर्षे गव्हर्नर-जनरल कोदामा गेंतारो व त्यांचे मुलकी प्रशासक गोतो शिम्पेई यांची होती. या जोडीने जमिनीची मोजणी केली, लोहमार्ग वाढविला, आरोग्याची व्यवस्था लावली. याच जोडीच्या कारकिर्दीत, १८९८ साली, ‘दरोडेखोरां’विरुद्धचा कठोर कायदा निघाला आणि सशस्त्र विरोध करणारी हजारो माणसे मारली गेली.

या दोघांच्या स्मरणार्थ वर्गणी जमवून जी वास्तू उभारली, तीच ही. ती १९१५ साली पुरी झाली आणि १९०८ मध्ये स्थापन झालेले संग्रहालय तिच्यात आले. समोर ग्रीक धर्तीचे खांब, वर घुमट, आत उंच दालन. घुमटाखालच्या रंगीत काचांत दोघांची कुलचिन्हे गुंफलेली आहेत आणि दालनात समोरासमोर त्यांचे पुतळे होते. या जागी पूर्वी माझू या समुद्रदेवतेचे मंदिर होते. ते पाडले गेले, ही गोष्टही आपण या पायऱ्या चढताना ध्यानी ठेवली पाहिजे.

जपानी अंमल संपल्यावर पुतळे दालनातून हलविण्यात आले. पण ते वितळवले नाहीत. संग्रहालयाच्या शताब्दीच्या वर्षी, २००८ साली, ते पुन्हा लोकांपुढे आले. मात्र आता ते वंदनीय मूर्ती म्हणून नव्हेत, तर संग्रहातील वस्तू म्हणून मांडले गेले.

कोरियाने दुसरा मार्ग धरला. सोल येथे जुन्या राजवाड्याच्या आवारात, त्याच्या मुख्य सभागृहाची वाट अडवून, जपान्यांनी १९२६ साली आपली भव्य कचेरी पुरी केली होती. १९८६ पासून तिच्यातही राष्ट्रीय संग्रहालय होते. तरीही मुक्ततेच्या पन्नासाव्या वाढदिवशी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तिचा कळस उतरविण्यात आला आणि पुढच्या वर्षी सारी इमारत जमीनदोस्त झाली. कळस मात्र चोनान येथील स्वातंत्र्य-स्मारकाच्या आवारात, मुद्दाम जमिनीच्या पातळीखाली मांडून ठेवला आहे.

यात एकाला शूर व दुसऱ्याला दुबळा म्हणण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. सोलची कचेरी राजवाड्याच्या छातीवर बसली होती. तिचे असणे हाच रोजचा अपमान होता. तैपेईच्या वास्तूत मात्र तैवानच्या वनस्पती, प्राणी आणि आदिवासींच्या वस्तू यांचा संग्रह वाढला आणि लोकांनी ती आपली मानली. पण पाडणाऱ्यांनीही कळस जपला आणि राखणाऱ्यांनीही पुतळे त्यांच्या मूळ जागी परत बसविले नाहीत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुरावा दोघांनीही ठेवला. त्याला मान किती द्यायचा, हे मात्र ज्यांच्यावर राज्य झाले त्यांनी ठरविले.