टाळ्या कुणाच्या, गुण कुणाचे? अमेरिकेतल्या ड्रम कोर स्पर्धा आणि रसिकांचं भांडण



आजचा विषय लांबचा आहे, अमेरिकेतला आहे. पण त्यातलं भांडण आपल्या चांगलं ओळखीचं आहे. एकांकिका स्पर्धेचा निकाल लागतो आणि नाट्यगृहाबाहेर चहाच्या टपरीवर रात्री उशिरापर्यंत एकच चर्चा चालते: जिला सगळ्या प्रेक्षागृहानं डोक्यावर घेतलं तिला तिसरा क्रमांक कसा? परीक्षकांना नेमकं दिसलं काय? अमेरिकेत ड्रम कोर नावाच्या एका कलाप्रकाराभोवती हेच भांडण पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्याचा इतिहास आज आपण पाहू. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा धागा सुटणार नाही. गुणपत्रिकेत काय मोजायचं हे जो ठरवतो, तोच हळूहळू कलेचं वळण ठरवतो. रसिकांचं भांडण वरवर क्रमांकाचं दिसतं, पण मुळात ते या पत्रिकेचं आहे.

आता ड्रम कोर म्हणजे काय? कोर म्हणजे पथक. अमेरिकन फुटबॉलचं मैदान डोळ्यांसमोर आणा, शंभर यार्ड लांबीचं. त्यावर दीडशेच्या आसपास तरुण मुलंमुली. वाद्यं फक्त पितळी आणि तालाची. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी यांना तिथे जागा नाही. सोबत झेंडे, लाकडी रायफली आणि तलवारी उंच फेकून झेलणारा एक गट असतो, त्याला कलर गार्ड म्हणतात. वाजवता वाजवता ही मुलं मैदानावर आकृत्या रचतात आणि मोडतात. त्या आराखड्याला ड्रिल म्हणतात, आणि सगळा मिळून अकरा-बारा मिनिटांचा जो कार्यक्रम होतो तो शो. उन्हाळाभर बसनं गावोगाव हिंडायचं, शाळांच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोपायचं, दिवसभर उन्हात तालीम करायची आणि रात्री स्पर्धा. ऑगस्टमध्ये अंतिम फेरी. संपूर्ण मोसमभर एकच शो, आणि जवळजवळ प्रत्येक रात्री शंभरपैकी नवे गुण. म्हणजे बघा, रसिकाला तोच शो जूनमध्ये कच्चा आणि ऑगस्टमध्ये पिकलेला पाहायला मिळतो. शिवाय हातात रोजचा गुणतक्ता. भांडायला आणखी काय लागतं?

या पथकांचा उगम लष्करी आहे. पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी, विशेषतः अमेरिकन लीजन आणि व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स या दोघांनी, बिगुल आणि ढोलांच्या स्पर्धा भरवल्या. पुढे चर्चची, स्काउटांची, गावागावातली मुलांची पथकं उभी राहिली. परीक्षणही लष्करी शिस्तीचं. परीक्षक हातात पॅड घेऊन थेट मैदानावर, वादकांच्या रांगांमधून फिरायचे. पाऊल चुकलं, सूर फाटला, रायफल पडली, की कागदावर एक खूण. त्या खुणेला 'टिक' म्हणत आणि एका टिकमागे एक दशांश गुण कापला जाई. बाकी परिणामाला थोडे गुण असत, पण मुख्य भर चुका मोजण्यावर.

या पद्धतीचा एक फायदा होता: निकालावर वाद घालायला ठोस वस्तू होती. चूक घडली की नाही, एवढंच. तोटा मात्र मोठा होता. अवघड काही करायला जावं तर चुकण्याची शक्यता वाढते, आणि चुकलं की गुण जातात. मग शहाणपण कशात? सोपं आणि स्वच्छ करण्यात. सरळ रांगा, पन्नास यार्डाच्या रेषेभोवती डावी-उजवी बाजू सारखी, अशी रचना त्या काळात का रुजली याचं एक उत्तर गुणपत्रिकेत आहे. समरूप रचनेत चूक पकडणंही सोपं आणि ती टाळण्याची तालीम घेणंही सोपं.

१९७१ साली काही पथकांनी या चौकटीला धक्के दिले. कॅव्हेलियर्सनी मैदानावर सर्कस आणली. मॅडिसन स्काउट्सनी 'ॲलिस इन वंडरलँड' उभं केलं. गणवेशातल्या संचलनाची अपेक्षा असलेल्यांना हे रुचणं कठीण होतं. त्याच सुमारास पथकांच्या संचालकांची आणखी एक तक्रार होती: मुलं राबतात आपली, तिकिटं विकली जातात आपल्यामुळे, आणि नियम व पैसा दुसऱ्यांच्या हाती. कॅव्हेलियर्सचे डॉन वॉरेन आणि ट्रूपर्सचे जिम जोन्स यांच्या पुढाकारानं पथकं एकत्र आली आणि ड्रम कोर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, ही स्वतःची संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर या गावी पहिली अंतिम स्पर्धा झाली. ती कॅलिफोर्नियाच्या अनाहाइम किंग्जमेन पथकानं जिंकली.

इथे थोडं थांबू या, कारण पुढच्या सगळ्या भांडणाचं बीज इथे आहे. नियम आता पथकांच्याच हाती आले. परीक्षा देणाऱ्यांनीच प्रश्नपत्रिका काढायची, असा हा मामला. यातून कलेला मोकळीक मिळाली, हे निर्विवाद. पण या व्यवस्थेत संचालक होते, रचनाकार होते, परीक्षक होते. स्टँडमध्ये तिकीट काढून बसलेल्या माणसाला मत नव्हतं. त्याच्याकडे फक्त टाळ्या होत्या.

१९८३ मध्ये न्यू जर्सीच्या गारफिल्ड कॅडेट्सनी विजेतेपद मिळवलं. त्यांचे ड्रिलकार जॉर्ज झिंगाली यांनी समरूपता मोडीत काढली. आकृत्या वळत, वितळत, वेगानं एकीतून दुसरीत जाऊ लागल्या. मैदानाची डावी बाजू उजवीचं प्रतिबिंब राहिली नाही. या पथकानं १९८३, ८४ आणि ८५ अशी सलग तीन विजेतेपदं घेतली. तोवर कुणाला ते जमलं नव्हतं. आणि १९८४ च्या मोसमापासून टिक पद्धत गेली. चुका वजा करण्याऐवजी जे साधलं त्याचे गुण द्यायचे, अशी उलटी पद्धत आली.

आजच्या पत्रिकेत शंभरपैकी ४० गुण 'जनरल इफेक्ट'चे, म्हणजे एकूण परिणामाचे असतात. ३० दृश्य भागाचे आणि ३० संगीताचे. आता गंमत बघा. चूक मोजता येते. परिणाम कसा मोजणार? कुणावर झालेला परिणाम? रसिक म्हणतो, परिणाम आमच्यावर होतो आणि त्याचे गुण देतो भलताच माणूस. परीक्षक म्हणतो, मी रचना किती खोल आहे, ती किती सुसंगत आहे आणि मुलांनी ती किती पेलली हे पाहतो. आरडाओरडा मोजायला मी बसलेलो नाही. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात. या चाळीस गुणांवरच सारं भांडण पेटलेलं आहे.

कधीकधी दोघांचं जुळतं. १९८८ मध्ये कॅन्सस सिटीला मॅडिसन स्काउट्स 'मालागेन्या' वाजवून जिंकले. भरदार, तापलेलं स्पॅनिश वळणाचं संगीत, प्रेक्षकांकडे तोंड करून छातीवर येणारा पितळी आवाज. जुने रसिक आजही त्या रात्रीबद्दल बोलतात. २००८ मध्ये ब्लूमिंग्टनला फँटम रेजिमेंटचा 'स्पार्टाकस' ब्लू डेव्हिल्सपेक्षा फक्त ०.०२५ गुणांनी सरस ठरला: ९८.१२५ विरुद्ध ९८.१००. गुलामांच्या बंडाची गोष्ट, मुलांनी एकामागून एक 'मीच स्पार्टाकस' असं ओरडणं, आणि स्टँडमध्ये उसळलेला जल्लोष. त्या रात्री पत्रिका आणि टाळ्या एका बाजूला होत्या.

पण ज्या निकालावर सर्वाधिक बोललं गेलं त्यांपैकी एक १९९३ चा. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरी अंतिम फेरी होती. इंडियानाच्या 'स्टार ऑफ इंडियाना' पथकानं सॅम्युएल बार्बर आणि बेला बार्टोक यांचं संगीत निवडलं होतं. विसाव्या शतकातलं, कर्कश स्वरसंगती असलेलं, लांब शांततांचं संगीत. टाळी कुठे द्यावी हेच प्रेक्षकाला कळेना. मुलांच्या हालचाली आधुनिक नृत्यासारख्या, चेहरे कोरे. अनेक रसिकांची उघड नाराजी होती: हे कुणासाठी चाललंय? अंतिम रात्री कॅडेट्सना ९७.४ आणि स्टारला ९७.३ गुण मिळाले. एक दशांश! जुन्या हिशेबात म्हणायचं तर एका टिकचं अंतर.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. 'परीक्षक एकीकडे आणि रसिक दुसरीकडे' अशी सोपी मांडणी इथे चालत नाही. परीक्षकांनी स्टारला जवळजवळ पहिलं ठरवलं होतं. हात आखडला होता तो प्रेक्षकांनी. आणि आज? आज तोच शो या कलेतल्या सर्वांत प्रभावी शोंपैकी एक म्हणून सांगितला जातो. शरीराची हालचाल हाही संगीताचा भाग आहे, ही कल्पना पुढच्या पिढीनं मोठ्या प्रमाणात तिथून उचलली. रसिकांचं न्यायालयही चुकतं, बरं का. त्याचं एवढंच बरं असतं की ते आपला निकाल फिरवू शकतं. गुणतक्ता तो फिरवत नाही.

पुढची कथा आणखी रंगतदार आहे. त्या मोसमानंतर स्टार ऑफ इंडियानानं स्पर्धा कायमची सोडली आणि रंगमंचाची वाट धरली. त्यातून 'ब्लास्ट!' हा प्रयोग उभा राहिला. तो १९९९ मध्ये लंडनला आला, २००१ मध्ये ब्रॉडवेवर गेला आणि त्याला विशेष नाट्यप्रयोगाचा टोनी पुरस्कार मिळाला. ज्यांच्यावर 'प्रेक्षकांचा विचार करत नाहीत' असा ठपका होता, ते तिकीट काढून येणाऱ्या साध्या प्रेक्षकांच्या जिवावर उभे राहिले. त्या प्रयोगात बार्बरचं 'मेडिया' होतं आणि 'मालागेन्या'सुद्धा होतं. म्हणजे मैदानावर ज्यांची दोन टोकं मानली गेली ते दोन्ही तुकडे एकाच संध्याकाळी, एकाच रंगमंचावर सुखानं नांदले.

गेल्या वीस वर्षांतलं भांडण वेगळ्या मुद्द्यांवर आहे. २००४ पासून मैदानासमोरच्या तालवाद्यांना ध्वनिवर्धक आला, २००९ पासून सिंथेसायझरसारखी इलेक्ट्रॉनिक वाद्यं आली. जुने रसिक म्हणतात, बिगुलाचा नैसर्गिक आवाज गेला. पूर्ण चाल कुणी वाजवत नाही, नुसते तुकडे. मैदानभर नेपथ्य आणि निवेदनं. ही नुसती म्हाताऱ्यांची कुरकुर नव्हे, तिला कारण आहे. पत्रिका एकाच वेळी अनेक थरांत घडणाऱ्या गोष्टींना मान देते: वादन अवघड हवं, त्याच क्षणी हालचालही अवघड हवी, कलर गार्डही त्याच कल्पनेत गुंतलेला हवा. एका जागी उभं राहून दोन मिनिटं एक सुंदर चाल वाजवणं या हिशेबात महाग पडतं. शिवाय कसलेला परीक्षक अशा रचना वर्षानुवर्षं पाहत असतो. प्रेक्षकातला एखादा आयुष्यात प्रथमच पाहतो. एकाला नावीन्य हवं, दुसऱ्याला ओळख.

या वादात सर्वाधिक नाव येतं ब्लू डेव्हिल्सचं. १९७२ ते २०२४ या काळात विजेतेपद फक्त दहा पथकांनी मिळवलं, आणि त्यांतली २१ विजेतेपदं एकट्या ब्लू डेव्हिल्सची. २०१२ मध्ये ते दादावादी कलेवरचा 'कॅबरे व्हॉल्टेअर' करून जिंकले. 'थंड', 'हुशार पण कोरडे' ही त्यांच्यावरची नेहमीची टीका. पण २०१४ चं वर्ष बघा. ब्लू डेव्हिल्सच्या 'फेलिनिएस्क'ला ९९.६५ असे विक्रमी गुण मिळाले. दुसऱ्या आलेल्या ब्लूकोट्सच्या 'टिल्ट'मध्ये शेवटी सगळा सूर इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्यानं खाली घसरत जातो आणि पुन्हा चढतो. इलेक्ट्रॉनिक्सला शिव्या देणारेही त्या क्षणी उठून उभे राहिले. तक्रार यंत्राबद्दल होती की यंत्राच्या रुक्ष वापराबद्दल, हे रसिकांनाही तेव्हाच उमगलं असावं.

आता प्रश्न असा की याने काय बिघडतं? क्रमांक लागला, विसरले, झालं. तसं होत नाही. वरच्या क्रमांकाकडे चांगले वादक जातात, चांगले रचनाकार जातात, देणगीदार जातात. वरचा वर राहतो, खालचा खाली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला देशभर शेकड्यांनी पथकं होती. आता काही डझन उरली आहेत. बसभाडं, अन्न, शिक्षकांची फी यांनी लहान गावांची पथकं मोडली. मोठीही सुरक्षित नाहीत. १९३४ साली सुरू झालेलं, १९९३ ची ती लढत जिंकणारं कॅडेट्स पथक २०२४ मध्ये बंद झालं. अशा कलेत स्टँडमधला माणूस रागावून घरी बसला, तर दशांशांवर भांडायलाही कुणी उरणार नाही.

म्हणून आमचं मत असं. परीक्षक हवेत, निव्वळ टाळ्यांवर निकाल लावला असता तर १९९३ चा स्टार तळाला गेला असता. पण एकूण गुणांचा तो एक आकडा फार कमी बोलतो. निकाल वाचताना आपण विचारावं, संगीताला किती, दृश्याला किती, परिणामाला किती, आणि फरक नेमका कुठे पडला? ०.०२५ च्या फरकानं एक शो दुसऱ्यापेक्षा चांगला ठरत नाही, त्या रात्री त्या पत्रिकेत तो पुढे राहतो, इतकंच. आणि नियम लिहिणाऱ्यांनी पत्रिका बदलताना एक साधा माणूस डोळ्यांसमोर ठेवावा: जो पहिल्यांदाच पोराबाळांना घेऊन आलाय, ज्याला बार्टोक माहीत नाही, आणि जो पुढच्या वर्षी परत यायला हवा आहे.

आपल्याकडच्या स्पर्धांच्या परीक्षकांना आणि आयोजकांनाही हे लागू पडतं का, याचा विचार ज्यानं त्यानं घरी जाताना करावा. चहाच्या टपरीवर केला तर उत्तमच.