मेंदूचा निरोप, पोटातला पत्ता

वाढीचं संप्रेरक पाझरतं ते मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून. ते सोडण्याचा हुकूम वरून, मेंदूतल्याच हायपोथॅलॅमस या भागाकडून येतो असा शास्त्रज्ञांचा कयास होता. पण हुकूम आणणारं रसायन हाती लागेना. रॉजर गिलेमिन यांनी मेंढ्यांचे लाखो मेंदू पालथे घालून असे दुसरे निरोपे शोधले, १९७७ चं नोबेल मिळवलं. हा एक मात्र निसटतच राहिला.

तो सापडला भलतीकडेच. अमेरिकेत शार्लट्सव्हिलला मायकेल थॉर्नर यांच्याकडे अ‍ॅक्रोमेगलीची एक तरुण रुग्ण होती. हातपाय आणि जबडा वाढत जाण्याचा हा आजार बहुधा पीयूषिकेतल्या गाठीमुळे होतो, म्हणून तिथेच शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या तुकड्यात गाठ नव्हती. ग्रंथीच्या पेशीच भरमसाट वाढल्या होत्या. म्हणजे दुसरं काहीतरी त्यांना सतत डिवचत होतं. ज्या नजरेने हे ओळखलं, तिला मी या सगळ्या शोधात सर्वांत जास्त मानतो. डिवचणारी गाठ निघाली स्वादुपिंडात! ही गाठ आणि फ्रान्समधल्या ल्योंहून आलेली तशीच दुसरी, दोन्ही कॅलिफोर्नियाच्या साल्क संस्थेत पोहोचल्या. एकीवर गिलेमिन यांचा गट, दुसरीवर त्यांचेच जुने सहकारी वायली व्हेल. १९८२ मध्ये दोघांनीही निरोप्याची रचना जाहीर केली.

४४ अमिनो आम्लांच्या त्या साखळीतली पहिली २९ पुरेशी ठरली. त्यांचं औषध म्हणजे सर्मोरेलिन. खुंटलेल्या वाढीच्या मुलांना ते झोपताना टोचत, कारण हे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवतं. बाहेरून संप्रेरक ओतण्याऐवजी शरीराचंच जागं करायचं, आणि शरीराचा स्वतःचा लगामही शाबूत राहतो, ही कल्पना मला आजही सुंदर वाटते. पण १९८५ पासून जनुकीय तंत्राने बनवलेलं संप्रेरकच मिळू लागलं होतं. त्यापुढे सर्मोरेलिन टिकलं नाही.

या शोधाची दुसरी शाखा त्याहून जुनी. न्यू ऑर्लिन्समध्ये सिरिल बॉवर्स शरीरातल्या वेदनाशामक एन्केफॅलिनमध्ये फेरफार करत होते. १९७७ च्या सुमारास त्यातले काही तुकडे वाढीचं संप्रेरक सोडवू लागले. ही निसर्गातली रसायनं नव्हती, तरी ती काम करत होती. किल्ली होती, कुलूप ठाऊक नव्हतं. कुलूप, म्हणजे पेशीवरचा ग्राही, १९९६ मध्ये मर्क कंपनीच्या संशोधकांनी शोधलं. मग त्याची शरीरातली खरी किल्ली कोणती?

१९९९ मध्ये जपानच्या मासायासु कोजिमा आणि केन्जी कांगावा यांना ती उंदराच्या जठरात सापडली. तिचं नाव घ्रेलिन. जेवणाआधी रक्तात वाढणारं, भूक चेतवणारं संप्रेरक!

त्याच कुलपाला लागणारं मॅसिमोरेलिन हे औषध २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते पाण्यात विरघळवून प्यायचं आणि ९० मिनिटांत चारदा रक्त द्यायचं, की पीयूषिका जागी आहे का ते कळतं. या चाचणीला रुग्णाने उपाशीपोटी यायचं असतं.