पसाऱ्याची बाजू : 'सँडिनिस्टा!'विषयी

लांबलेल्या कलाकृतीविषयी आपल्या समीक्षेत एक ठरलेले वाक्य असते : थोडी काटछाट झाली असती तर कृती अधिक बांधेसूद झाली असती. लंडनच्या 'द क्लॅश' या पंक बँडचा 'सँडिनिस्टा!' हा तीन तबकड्यांचा संच १२ डिसेंबर १९८० रोजी प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून हे वाक्य त्याच्या वाट्याला सतत येत राहिले आहे. सहा बाजू, प्रत्येक बाजूवर सहा, अशा एकूण छत्तीस रचना. ऐकण्याचा अवधी जवळजवळ अडीच तास. यातील बारा निवडा, म्हणजे एक अव्वल रेकॉर्ड हाती येईल, असे टीकाकार म्हणतात आणि चाहतेही म्हणतात. आम्हीही एके काळी अशी बारांची यादी केली होती. ती का फसली, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख.

पंकचा जन्मच मुळी पाल्हाळाच्या विरोधात झाला होता. सत्तरच्या दशकातील रॉक संगीत लांबलचक वादनांत, कौशल्याच्या प्रदर्शनात आणि अवजड संचांत अडकले असताना १९७६च्या सुमारास ब्रिटनमधील बेकार, चिडलेल्या तरुणांनी दोन-तीन मिनिटांची, मोजक्या स्वरमेळांची गाणी समोर ठेवली. जो स्ट्रमर, मिक जोन्स, पॉल सिमोनन यांचा 'क्लॅश' याच लाटेतला. टॉपर हेडन हा तालवादक १९७७ साली त्यांना मिळाला. त्यांच्या त्याच वर्षीच्या पहिल्या रेकॉर्डमध्ये आटोपशीरपणा हे नैतिक मूल्य होते. दोन वर्षांनी, डिसेंबर १९७९मध्ये, 'लंडन कॉलिंग' हा दोन तबकड्यांचा संच आला आणि पाठोपाठ एका वर्षात हा तिहेरी संच. ज्याला या मंडळींनी नावे ठेवली तोच आकार त्यांनी स्वीकारला, म्हणून अनेक जुन्या चाहत्यांना ही फितुरी वाटली. ब्रिटनमधील काही संगीत-साप्ताहिकांनी तर त्याची सालेच काढली.

हा पसारा आला कोठून? १९८०मध्ये बँड मँचेस्टर, न्यूयॉर्क, किंग्स्टन आणि लंडन येथील स्टुडिओंतून फिरत होता. न्यूयॉर्कला सिमोनन एका चित्रपटाच्या कामात गुंतल्यामुळे काही गाण्यांत बास गिटार नॉर्मन वॉट-रॉयने वाजवली. मिकी गॅलाघरने कीबोर्ड सांभाळला. टायमन डॉग हा स्ट्रमरचा जुना स्नेही व्हायोलिन घेऊन आला आणि एक गाणे स्वतःच गाऊन गेला. जमैकाचा मायकी ड्रेड ध्वनिमिश्रणाच्या टेबलावर बसला. शहरात जे वाजत होते ते रेकॉर्डमध्ये शिरत गेले. शुगरहिल गँगचे पहिले गाजलेले रॅप-गीत १९७९ साली आले होते. काही महिन्यांतच 'द मॅग्निफिसंट सेव्हन' तयार झाले, सकाळी सातच्या गजराने सुरू होणाऱ्या नोकरदाराच्या दिवसाची कैफियत रॅपच्या ठेक्यात मांडणारे. गोऱ्या रॉक बँडने केलेला रॅपचा हा अगदी आरंभीचा प्रयोग. पुढे मग गॉस्पेल आहे, वॉल्ट्झ आहे, डिस्को आहे, जॅझ आहे, न्यू ऑर्लीन्सचे जुने ब्लूज आहे, कॅलिप्सो आहे, आणि सर्वांच्या तळाशी रेगे.

मर्ढेकरांच्या लयविचारात संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांवर कलाकृतीचा घाट उभा राहतो. पहिल्या पाच बाजू ऐकताना विरोध भरपूर दिसतो. समतोल मात्र कोठे आहे, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर आम्हांला सहाव्या बाजूने दिले, जिला बहुतेकांनी भरताड मानले आहे. तिच्यावर 'डब' आहेत. डब म्हणजे जमैकन पद्धत : मूळ गाण्यातला आवाज काढून टाकायचा, ढोल आणि बास उघडे पाडायचे, मधूनच एखादा शब्द प्रतिध्वनीत सोडून द्यायचा. जमैकात तबकडीच्या मागच्या बाजूला अशी 'व्हर्जन' देण्याची रीतच होती. येथे पहिल्या बाजूवरचे 'जंको पार्टनर' शेवटच्या बाजूवर अशा रूपात परतते. पहिल्या रेकॉर्डमधले 'करिअर ऑपॉर्च्युनिटीज' हे संतप्त बेकारीगीत गॅलाघरची लहान मुले बालगीतासारखे गातात. एकदा म्हटलेले पुन्हा, वेगळ्या तोंडून, वेगळ्या उजेडात म्हणून पाहणे हे या संचाचे रचनातत्त्व आहे. आमच्या बारांच्या यादीत मूळ गाणी होती, परतणारी नव्हती. संवादलयच आम्ही कापून टाकली होती.

याचे सर्वांत मार्मिक उदाहरण 'समथिंग अबाउट इंग्लंड'. देशाच्या दुर्दशेचे खापर स्थलांतरितांवर फोडणाऱ्या बोलण्यापासून ते सुरू होते. मग रस्त्यावर पडलेला एक बेघर म्हातारा विसाव्या शतकाची बखर सांगू लागतो : पहिले महायुद्ध, तिसाच्या दशकातील भुकेचे मोर्चे, दुसरे महायुद्ध, आणि एवढे सगळे होऊनही न हललेली वर्गव्यवस्था. पाचव्या बाजूवरील 'मेन्सफोर्थ हिल' ही रचना म्हणजे हेच गाणे उलटे वाजवून त्यावर इतर ध्वनी चढवलेले. पहिल्या ऐकण्यात ती निव्वळ गंमत वाटते. मूळ गाणे माहीत झाल्यावर मात्र इतिहास मागे-मागे घरंगळत गेल्यासारखा वाटतो, आणि म्हातारा नाहीसा झालेला असतो.

आता नावाविषयी. निकाराग्वात ऑगस्तो सेसार सँडिनो याने अमेरिकी सैन्याविरुद्ध गनिमी लढा दिला. १९३४ साली त्याची हत्या झाली. त्याचे नाव घेणाऱ्या सँडिनिस्टा आघाडीने जुलै १९७९मध्ये सोमोझा घराण्याची चार दशकांहून जुनी हुकूमशाही उलथून टाकली. संचाच्या अनुक्रमांकातही आघाडीची आद्याक्षरे घातलेली आहेत. 'वॉशिंग्टन बुलेट्स' या गाण्यात हे नाव उच्चारले जाते. मरिंबाच्या खेळकर नादावर चिलीतील व्हिक्टर हारा, क्यूबावरील १९६१ची चढाई, निकाराग्वा अशी यादी उलगडते. पण गाणे तेथे थांबत नाही. अफगाणिस्तानात मॉस्कोच्या गोळ्या, तिबेटात चीन, आणि शेवटी भाडोत्री सैनिकांकडच्या ब्रिटिश गोळ्या, असा हिशेब ते सर्वांकडे मागते. एकाच बाजूची वही ठेवायला ते तयार नाही.

हिशेबाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो : तीन तबकड्या जवळजवळ एकीच्या किमतीत विकाव्यात म्हणून बँडने ब्रिटनमधील पहिल्या दोन लाख प्रतींवरचे मानधन सोडले. संच गाजावाजाने खपला नाही, आणि कर्ज राहिले. लेखनश्रेयही बहुतांशी व्यक्तींच्या नावे न देता बँडच्या नावे दिले. हे सारे घाटाचाच भाग आहे असे आम्ही मानतो; पसारा वाचकाच्या वा श्रोत्याच्या खिशातून वसूल केला नाही, म्हणून तो डामडौल ठरत नाही.

अमेरिकेत मात्र 'व्हिलेज व्हॉइस'च्या समीक्षकांनी १९८१च्या सर्वोत्तम रेकॉर्डचा मान याला दिला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या बाँड्स सभागृहात बँडने मे-जूनमध्ये कार्यक्रमांची मालिका केली आणि आरंभी ग्रँडमास्टर फ्लॅश यांच्या चमूला बोलावले. 'क्लॅश'च्याच श्रोत्यांनी त्या कृष्णवर्णीय कलावंतांची हुर्यो उडवली, त्यांच्यावर वस्तू फेकल्या. ज्यांच्याकडून ऋण घेतले त्यांना सन्मानाने समोर उभे करावे, आणि आपल्याच माणसांनी त्यांना हाकलावे! मिश्रण तबकडीवर साधते. सभागृहात ते साधेलच याची हमी कोणी देत नाही. या संचाचा आशावाद भाबडा आहे असे म्हणणाऱ्यांना हा प्रसंग पुरावा वाटेल. आम्हांला तो त्याच्या गरजेचा पुरावा वाटतो.

याहून अवघड प्रश्न काळाने उभा केला आहे. निकाराग्वाची क्रांती ही कवी-लेखकांची क्रांतीही होती : कवी एर्नेस्तो कार्देनाल सांस्कृतिक मंत्री झाला, कादंबरीकार सर्खिओ रामिरेस उपराष्ट्राध्यक्ष. १९९०ची निवडणूक हरलेले दानिएल ओर्तेगा २००७ साली पुन्हा सत्तेवर आले. २०१८ सालचे जनआंदोलन त्यांच्या राजवटीने चिरडले, तीनशेहून अधिक माणसे मारली गेली. फेब्रुवारी २०२३मध्ये रामिरेस आणि कवयित्री जिओकोंदा बेली यांच्यासह ९४ जणांचे नागरिकत्व हिरावून घेण्यात आले. सँडिनोच्या नावाने घडलेले हे सारे पाहायला स्ट्रमर उरला नव्हता. तो २००२ सालीच गेला. मग उद्गारचिन्हासह घेतलेले ते नाव आज कसे उच्चारावे?

बारांच्या यादीत ते नाव केवळ घोषणा म्हणून उरले असते, आणि घोषणा शिळी होते. छत्तिसांच्या गर्दीत तसे होत नाही. सहाव्या बाजूवर 'सिलिकोन ऑन सफायर' नावाची रचना आहे : 'वॉशिंग्टन बुलेट्स'चाच सांगाडा, पण त्यातला इतिहास आणि जयघोष पुसलेला, त्यांच्या जागी दोन यंत्रांमधले संगणकी बोलणे. विजयाच्या अवघ्या दीड वर्षात, आपल्याच विजयगीतातून शब्द काढून घेऊन मागे काय उरते ते या चौघांनी ऐकून पाहिले होते. विद्यार्थ्यांनी हा संच ऐकावा तो या दोन रचना लागोपाठ लावून. मग काटछाटीविषयी अवश्य बोलावे.