आटे जुळेनात

लेकीकडे अमेरिकेत जायचं ठरलं, तेव्हा सौ.ने दोन बॅगांत मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि पुरणयंत्र असा अर्धा संसार भरला. मी त्यात कोणाला न कळू देता, पायमोज्यात घालून, एक पितळेचा नळ सरकवला. अर्ध्या इंचाचा, चांगला वजनदार, बोहरी आळीतली चार दुकानं पालथी घालून घेतलेला.

त्याचं असं, की लेकीच्या घरामागे पोहण्याचा तलाव आहे. तलाव म्हणजे काही टिळक टँक नव्हे; आमच्या जुन्या वाड्याच्या चौकाएवढा असेल. पण एवढ्याशा पाण्यामागे सरंजाम केवढा! एक पंप, एक पिंपाएवढा फिल्टर आणि दोघांना जोडणारे पांढरे प्लास्टिकचे पाइप. पंपाच्या पुढच्या पाइपावर पाण्याचा नमुना घ्यायला एक छोटा नळ होता आणि तो गळत होता. जावई फोनवर सहज बोलून गेला. त्या बिचाऱ्याला काय कल्पना, की जावयाच्या घरी सहा महिने नुसता चहा पीत बसणाऱ्या सासऱ्याला असा एखादा गळका नळ म्हणजे केवढा आधार असतो!

नळदुरुस्तीत मी अगदीच अडाणी नाही. वाड्यातला सामाईक नळ बिघडला, की आमचा प्लंबर आट्यांवर सूत गुंडाळायचा, वर सफेदा थापायचा आणि भला मोठा पाना लावून दात-ओठ खात आवळायचा. मी शेजारी बॅटरी धरून उभा असे. वीस वर्षं बॅटरी धरल्यावर माणूस काहीच शिकत नाही, असं कसं म्हणता येईल?

पहिल्याच शनिवारी जावई बाजारात गेलेला पाहून मी पंप बंद केला, जुना नळ काढला आणि पुणेरी नळ लावला. काय सुरेख बसला! दोन-अडीच वेढे तर नुसत्या बोटांनी फिरला. पंप सुरू केला, थेंब. टेफ्लॉनच्या पट्टीचे चार वेढे दिले, थेंब. दहा दिले, थेंबच, पण जरा सावकाश. मग मी आमच्या प्लंबरचं स्मरण केलं, पाना लावला आणि सगळा जोर एकवटला. 'कट्' असा अगदी नाजूक आवाज झाला. नळाला काही झालं नव्हतं. तो ज्यात बसवला होता, ते प्लास्टिकचं सॉकेट उभं चिरलं होतं. पंप चालू ठेवून आवळायचं नसतं, हे मला चष्म्यावर पाणी आल्यावर आठवलं.

जावई आला, त्याने पाहिलं आणि अतिशय मऊ आवाजात म्हणाला, "राहू द्या बाबा, आपण बघू." त्यापेक्षा तो ओरडला असता तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं नळ घेऊन तिथल्या दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने कंगव्यासारखी एक दातेरी पट्टी आट्यांना लावली, उजेडात धरली आणि निकाल दिला, "हा ब्रिटिश दिसतो." बोहरी आळीतला नळ, आणि ब्रिटिश! १९४७ साली साहेब गेला, पण आटे इथेच विसरून गेला, हे मला सातासमुद्रापार कळायचं होतं.

मग मी पेटलो. सहा महिने होतेच हाताशी. गावच्या वाचनालयात बसून शोध घेतला, तेव्हा कळलं, की मी दीडशे वर्षांच्या एका जुन्या भांडणात पाना घेऊन शिरलो होतो.

भांडण साधं आहे. इंग्लंडात पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जाईल तर शपथ. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या मँचेस्टरच्या कारखानदाराने ठिकठिकाणचे बोल्ट जमवले, मोजले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली सांगितलं, की आट्याचा कोन ५५ अंशांचा ठेवा आणि टोकं गोल करा. इंग्लंडने ऐकलं. साहेब जिथे जिथे गेला तिथे तिथे हे ५५ अंशही गेले, आणि त्यात आपणही आलो.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने १८६४ साली याला हरकत घेतली. ५५ अंश मोजायचे कसे? गोल टोकं घडवायची कशी? त्यापेक्षा ६० अंश घ्या, म्हणजे तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण, आणि टोकं सपाट कापा. साधा कारागीरसुद्धा करील. आता माणूस म्हणून मला सेलर्सचं पटतं, पण नळ व्हिटवर्थचा होता. अमेरिकेने नळाचे आटेही याच ६० अंशांत पाडले. रॉबर्ट ब्रिग्ज याने बेतलेली ती मापं तिथल्या कारखानदारांनी १८८६ साली स्वीकारली.

पाच अंशांनी काय होतं, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण आटे न जुळल्याने काय होतं, ते बॉल्टिमोर शहराने १९०४ साली पाहिलं. ७ फेब्रुवारीच्या रविवारी तिथे आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अशा शहरांतून बंब धावून आले. माणसं होती, बंब होते, जमिनीखाली पाणी होतं. पण बाहेरगावच्या पाइपांचे आटे बॉल्टिमोरच्या नळकोंडाळ्यांना बसेनात. शेजारी मदतीला येतो आणि दारात नुसता उभा राहतो! आग तीस तासांवर चालली आणि दीड हजारांहून जास्त इमारती गेल्या. पुढे मोजदाद केली, तर त्या एका देशात अशा जोडांचे सहाशेंवर प्रकार निघाले.

दुसऱ्या महायुद्धात तर दोस्त राष्ट्रांचंच जमेना. ब्रिटिशांचं मर्लिन हे विमानाचं इंजिन अमेरिकेत बनवायचं ठरलं, तेव्हा तिथल्या कारखान्याला मुद्दाम ब्रिटिश आटे पाडावे लागले. शेवटी १८ नोव्हेंबर १९४८ रोजी ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनमध्ये करारावर सह्या केल्या. नट-बोल्टांपुरते सगळे ६० अंशांवर आले. नळाचे आटे मात्र त्या तहात नव्हतेच; ते आजही वेगळे राहतात.

आणि खरी फसवणूक पुढेच आहे. एक इंची पाइपाला आपल्याकडे इंचाला ११ आटे, अमेरिकेत साडेअकरा; तिथे निदान लवकर अडतं. पण अर्धा आणि पाऊण इंची मापात दोन्हीकडे बरोबर १४! म्हणून तर माझा नळ इतक्या प्रेमाने फिरला. आत गेल्यावर ५५ आणि ६० एकमेकांना पुरते भिडत नाहीत, एवढंच. (अशी लग्नंही मी पाहिली आहेत, पण तो विषय वेगळा.)

खरं तर आटे जुळले, तरी नुसत्या आट्यांनी पाणी थांबत नाही. पाइपाचा आटा टोकाकडे निमुळता असतो, सोळास एक या उताराने. आवळत गेलं की पाचरीसारखा घट्ट होतो. तरी आट्याच्या टोकाशी आणि खोबणीच्या तळाशी बारीक फट उरते, आणि ती गोल जिन्यासारखी फिरत बाहेर येते. पाणी त्या जिन्याने उतरतं. आमच्या प्लंबरचं सूत आणि सफेदा हा जिना बुजवत होते. टेफ्लॉनही तेच करतं, शिवाय गुळगुळीतपणा देतं.

त्या टेफ्लॉनची जन्मकथा मजेदार आहे. ६ एप्रिल १९३८ रोजी न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट या तरुण रसायनतज्ज्ञाने वायूच्या सिलिंडरची चावी उघडली, तर वायू येईना. वजन मात्र भरलेल्याचं. आपण एजन्सीवाल्याला फोन करून भांडलो असतो. त्याने सिलिंडर कापला. आत पांढरी, निसरडी भुकटी!

आणि इथेच माझं चुकलं होतं. लोखंडी सॉकेट जोर सोसतं. प्लास्टिकचं सॉकेट निमुळती पाचर आणि निसरडी पट्टी यांच्यापुढे फाकतं आणि चिरतं. जितकी पट्टी जास्त तितकी पाचर जाड. माझ्या दहा वेढ्यांनी ते अर्धं मारलं होतं, पान्याने पुरं केलं.

पुढच्या रविवारी जावयाने चिरलेला भाग करवतीने कापून नवं सॉकेट चिकटवलं. नळ अमेरिकन आणला होता. पट्टी मी गुंडाळली: आट्याचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या दिशेने, तीनच वेढे, म्हणजे आवळताना ती उलगडत नाही. हाताने घट्ट, वर पान्याने एक वेढा, बस. मी आणखी थोडं फिरवायला गेलो, तर जावयाने माझ्या मनगटावर नुसता हात ठेवला.

पंप सुरू केला. आम्ही दोघं पाच मिनिटं उकिडवे बसून त्या जोडाकडे बघत होतो. थेंब नाही. मग जावई म्हणाला, "बाबा, पंपाच्या मागच्या बाजूचाही एक जोड बघायचाय. तिथून पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते, तलावात बुडबुडे दिसतात. उद्या तुम्हाला वेळ आहे का?"

मी जरा विचार केल्यासारखं केलं आणि हो म्हणालो.

पुणेरी नळ त्याच पायमोज्यातून परत आला. आता आमच्या गच्चीवर आहे, थेंबभर गळत नाही. परवा लेकीचा फोन होता, दिवाळीला दोघं येतायत, येताना काय आणू म्हणून विचारत होती. सौ.ने माझ्या हातातला फोन घेतला आणि सांगितलं, "काहीही आण बाई, त्याला आटे नसले म्हणजे झालं."