काझिमिएझ देइना : पोलंडच्या मधल्या फळीचा सूत्रधार
फुटबॉलपटू काझिमिएझ देइना यांचा जन्म 1947 साली उत्तर पोलंडमधल्या स्तारोगार्द येथे झाला. 1966मध्ये ते वॉर्सातील लेगिया या लष्कराच्या क्लबात आले आणि बारा वर्षे तिथेच खेळले. कारण साम्यवादी राजवट ऐन उमेदीतल्या खेळाडूंना परदेशी क्लबांकडे सहसा जाऊ देत नसे. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये त्यांनी नऊ गोल केले. हंगेरीविरुद्धच्या अंतिम सामन्यातले पोलंडचे दोन्ही गोल त्यांचेच, आणि सुवर्णपदक पोलंडचे. 1974च्या विश्वचषकात त्यांच्या नेतृत्वाखाली संघ तिसरा आला. 1978च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध त्यांची पेनल्टी गोलरक्षक फियोलने अडवली. एवढ्या मोठ्या खेळाडूला त्यावरून तोलणे अन्यायाचेच. पुढे मँचेस्टर सिटी, मग सॅन डिएगो. तिथेच 1989मध्ये मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. लेगियाने त्यांचा 10 क्रमांक कायमचा राखून ठेवला.