राउटरची बडबड आणि उभी रेघ

भंडारा रोड हे स्टेशन भंडाऱ्यात नाही, मोहाडी तालुक्यातल्या वरठीत आहे. बंगाल नागपूर रेल्वे १८८७ साली स्थापन झाली आणि नागपूर-छत्तीसगड हा मीटरगेज मार्ग ताब्यात घेऊन तिने तो रुंद केला. तेव्हा रेल्वेसोबत तारायंत्र असायचंच. पुढे २००० साली रेलटेल ही सरकारी कंपनी निघाली ती रुळांच्या कडेने ऑप्टिकल फायबर टाकण्यासाठीच.

तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणसं मोजकंच लिहीत. फायबरच्या टोकाला बसलेल्या राउटरला असला काही धाक नाही. ‘शो’ ही आज्ञा देऊन काही विचारलं की तो सगळंच सांगत सुटतो.

या बडबडीला पहिला आवर घातला तो पडद्याच्या आकाराने. पूर्वी संगणकाचं उत्तर टेलिप्रिंटरच्या कागदावर उमटे. हवं तेव्हा कागद मागे ओढून वाचता येई. काचेच्या पडद्यावरून मात्र ओळ वर सरकली की गेलीच. १९७८ साली आलेल्या व्हीटी-१०० टर्मिनलवर २४ ओळी मावत, आणि त्याच वर्षी बर्कलीत डॅनियल हॅल्बर्टने ‘मोअर’ लिहिला: पडदा भरला की थांबायचं, स्पेसबार दाबला की पुढचं पान. सिस्कोच्या राउटरनेही हीच सवय उचलली. ‘टर्मिनल लेंथ’ ही आज्ञा न देता बसलात तर तो मुळात २४ ओळींनीच थांबतो.

खरी चाळणी आली ती बेल लॅब्जमधून. एका प्रोग्रामचं उत्तर थेट दुसऱ्यात ओतावं, असं डग मॅकिलरॉय १९६४ पासून सांगत होता. १९७३ साली केन थॉम्पसनने युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ते करून दाखवलं. ‘पाइप’ची उभी रेघ आणि ओळी निवडणारा ‘ग्रेप’ ही जोडी त्याच काळातली. गंमत अशी, की राउटरवर ती यायला पंचवीसेक वर्षं गेली. सिस्कोत ‘इन्क्लूड’, ‘एक्स्क्लूड’, ‘बिगिन’ नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आले. जुनिपर या दुसऱ्या कंपनीच्या राउटरची घडणच युनिक्सची, त्यामुळे तिथे ‘मॅच’, ‘काउंट’, ‘नो-मोअर’ अधिक मोकळेपणाने वापरता येतात.

एवढा उशीर का चालला? जाळंच लहान होतं. मुंबईच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संस्थेतून १९८९ साली अमेरिकेला जोडणारी लीज्ड लाइन सेकंदाला ९,६०० बिटची होती. राउटरची कन्सोल केबल बहुतेकदा आजही त्याच वेगाने बोलते: सेकंदाला साधारण ९६० अक्षरं, म्हणजे ८० अक्षरांच्या बारा ओळी. पण १२ ऑगस्ट २०१४ रोजी जगभरच्या मार्गांची यादी ५,१२,००० पार गेली, तेव्हा कित्येक जुन्या राउटरची मेमरी अपुरी पडून जागोजागी इंटरनेट अडखळलं. आता ती यादी दहा लाखांच्या घरात आहे. स्पेसबार दाबत वाचायची म्हटली तर चाळीस हजारांहून जास्त वेळा दाबावा लागेल. असा वेडेपणा कोणी करत नाही.

हे जाळं आता तालुक्यापर्यंत पोचतंय. २०११ साली मंजूर झालेल्या योजनेत (पुढे तिचं नाव भारतनेट झालं) तालुक्यातून ग्रामपंचायतीकडे फायबरची फांदी जाई. ती तुटली की गाव बंद. २०२३ च्या सुधारित योजनेने तालुक्यात आणि ग्रामपंचायतीत राउटर बसवून त्यांचं वर्तुळ करायचं ठरवलं. म्हणजे मोहाडीसारख्या ठिकाणी राउटरचा लॉग, म्हणजे त्याने ठेवलेल्या नोंदी, वाचणाऱ्या माणसाची गरज वाढणार.

त्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. चाळणी पडद्यावरच्या ओळी कमी करते, राउटरची मेहनत नाही. पूर्ण उत्तर तो तयार करतोच. आणि सिस्कोची चाळणी इंग्रजी अक्षरांतला लहान-मोठा भेद पाळते. ‘डाउन’ लहान ‘डी’ने शोधलं, तर मोठ्या ‘डी’ने लिहिलेली ओळ सुटते आणि लिंक बंद असूनही पडदा कोरा राहतो. म्हणून जुने हात आधी पूर्ण लॉग फाइलमध्ये उतरवून घेतात, मग चाळतात.