शिकवीन आणि शिकेन : पंडिता रमाबाईंची परदेशातली नोकरी

मी सांताक्रूझहून बोलतेय.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाकोल्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी कर्जाचा अर्ज ठेवला. रक्कम ८०,००० रुपये. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं : मुलीला परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी लागतेय, एजंटला द्यायचे आहेत. गटाची सगळी शिल्लक त्याहून थोडीच जास्त होती. सह्या करायच्या वेळी बायकांचे दोन तट पडले. निम्म्या म्हणाल्या, पोरगी शिकलेली आहे, जाऊ दे. निम्म्या म्हणाल्या, पैसा बुडाला तर आपल्या पोरांच्या फीचं काय? त्यात गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी म्हणाल्या, "आपल्यातली बाई साता समुद्रापलीकडं जाऊन मास्तरीण झाल्याचं कुणी ऐकलंय का कधी?"

मी म्हटलं, आजी, मी ऐकलंय, आणि त्याला आता एकशेचाळीस वर्षं होऊन गेली. त्या दिवशी घाईत अर्धवट सांगितलं. आज नीट सांगते.

ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. केडगावचं मुक्ती मिशन पुणे जिल्ह्यातल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत असेल. पण केडगावच्या आधी रमाबाई इंग्लंडात शिक्षिका होत्या, हे फारसं कुणी सांगत नाही.

त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. बाईला संस्कृत शिकवणं म्हणजे तेव्हा अधर्म. लोकांनी त्रास दिला तेव्हा शास्त्रीबुवा बिऱ्हाड घेऊन गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथं रमाबाई जन्मल्या आणि त्यांना संस्कृत शिकवलं ते मुख्यतः आईनं. पुढं हे कुटुंब पुराण सांगत देशभर पायी फिरलं. दुष्काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले, आणि तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. मग भाऊही गेला. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केलं. मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ च्या सुरुवातीला पटकीनं नवरा गेला. वय तेवीस, काखेत तान्हं पोर, सासर-माहेर दोन्हीकडं आधार नाही.

आपल्या गटांत अशा किती जणी आहेत, मी नावं घेत नाही.

रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला होता. त्याच्यापुढं त्यांनी साक्ष दिली : मुलींना शिकवायला बायका हव्यात, आणि बायकांना तपासायला बाई डॉक्टर हवी. ती डॉक्टर आपणच व्हावं असं त्यांच्या मनात आलं. पण ते शिक्षण इथं नव्हतं. तेव्हा इंग्लंडला जायचं. पैसे? त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून बोटीचं भाडं उभं केलं. मला या गोष्टीतला हा भाग फार आवडतो. पदरात होतं काय, तर विद्या. तीच विकली.

१८८३ मध्ये त्या मुंबईहून निघाल्या. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची एक सोबतीण. इंग्लंडात वाँटेज गावी ख्रिस्ती जोगिणींचा मठ होता. त्यांच्या काही सिस्टर पुण्यात काम करायच्या, तिथूनच ओळख झालेली. आता बोली काय ठरली ती ऐका. पुण्याला यायच्या सिस्टरांना रमाबाई मराठी शिकवणार, आणि त्या बदल्यात मठ त्यांना राहायला जागा, जेवण आणि इंग्रजी देणार. म्हणजे दान नाही, देणंघेणं. रमाबाईंचं इंग्रजी तेव्हा बेताचंच होतं. पुण्यात थोडंफार शिकलेल्या, तेवढंच. पण त्यांच्याकडं समोरच्याला हवी असलेली एक भाषा होती, आणि त्यांना स्वतःला हवी असलेली भाषा समोरच्याकडं होती. परदेशात भाषा शिकवून पोट भरणं म्हणतात ते हेच.

पुढचं सांगताना गोड करून सांगणार नाही. गेल्यावर काही महिन्यांतच आनंदीबाई भगत यांनी तिथं स्वतःचा जीव घेतला. परका देश, परकी बोली, आपलं म्हणावं असं कुणी नाही. या बाईचं नाव इतिहासात एका ओळीपुरतं येतं. मला मात्र रमाबाईंच्या प्रवासाचा विचार करताना ती नेहमी आठवते. परदेशी गेलेल्या बाईला रोज कोण फोन करणार, अडचण आली तर ती कुणाकडं जाणार, हे आधी विचारायला हवं, ते त्यामुळंच.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडं महाराष्ट्रात गदारोळ झाला. काल ज्यांनी पंडिता म्हणून डोक्यावर घेतलं त्यांतल्या बऱ्याच जणांनी पाठ फिरवली. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. आणि डॉक्टर व्हायचंही राहिलं. रमाबाईंना कानानं कमी ऐकू यायचं. तपासणाऱ्यानं छातीचे ठोके ऐकले पाहिजेत, ते जमणार नव्हतं.

ज्या कामासाठी गेलो तेच होत नाही असं कळल्यावर पुष्कळ जण परत येतात. रमाबाई चेल्टनहॅमला गेल्या. तिथं मुलींचं मोठं कॉलेज होतं, चेल्टनहॅम लेडीज कॉलेज, आणि त्याच्या मुख्य होत्या डोरोथिया बील, स्वतः मोठ्या जिद्दीच्या बाई. १८८४ पासून रमाबाई तिथं संस्कृत शिकवू लागल्या, आणि स्वतः इंग्रजी साहित्य, गणित, विज्ञान शिकू लागल्या. एकाच इमारतीत एका वर्गात बाई, दुसऱ्या वर्गात विद्यार्थिनी.

आता खरा वाद आला. रमाबाईंनी मुलग्यांनाही शिकवावं अशी गोष्ट निघाली. हिंदुस्थानात यायच्या तरुणांना भाषा लागायची, आणि इतकं संस्कृत जाणणारं माणूस इंग्लंडात कुठं मिळणार? पण हिंदुस्थानात काम केलेले बिशप मध्ये पडले. एक लाहोरचा, एक मुंबईचा. त्यांचं म्हणणं, या बाईनं पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात लोक नावं ठेवतील, पुढं तिचं तिथं काम होणार नाही. मठातल्या सिस्टरांनीही त्यांचीच री ओढली.

रमाबाईंनी पत्रं लिहून याला उत्तर दिलं. त्यांच्या बोलण्याचा गाभा असा : माझ्या आईनं पुरुषांना शिकवलं, मी शिकवलं, त्याला माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्यानं कधी हरकत घेतली नाही. मग तुम्ही कोण? बघा, घरच्या पुरुषांनी ज्याला अडवलं नाही, ते परक्या देशातल्या साहेबांनी 'तुमच्याच लोकांना चालणार नाही' म्हणून अडवलं. बाईला अडवायचं असलं की कुणाच्या तरी नावावर अडवतात. आपल्याकडं सासूच्या नावावर, तिकडं हिंदुस्थानच्या नावावर.

लहानसहान गोष्टींवरूनही खटके उडायचे. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं असतात, त्यांना संस्कृत हवी होती. लॅटिन मलाही कळत नाही आणि माझ्या देशातल्या बायकांनाही, असं त्यांचं साधं म्हणणं. मनोरमेवर संस्कार कुणी करायचे यावरूनही ओढाताण झाली, कारण आई चेल्टनहॅमला कामावर असताना पोर बराच काळ वाँटेजला सिस्टरांकडं असायची. कामासाठी दुसरीकडं राहणाऱ्या आईला हे वेगळं सांगायला नको.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्याचं. ११ मार्चला फिलाडेल्फियात तो पदवीदान समारंभ झाला. रमाबाई थोड्या दिवसांसाठी गेलेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. गावोगाव भाषणं दिली, बालवाडीचं शिक्षण घेतलं, १८८७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं, उच्चवर्णीय हिंदू बाईच्या हालांवर. चार वर्षांपूर्वी ज्यांचं इंग्रजी कच्चं होतं त्या बाई आता इंग्रजीतून हजारो लोकांसमोर बोलत होत्या. त्या पैशांवर १८८९ मध्ये मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन निघालं.

इथून ही गोष्ट माझ्या सांताक्रूझला येते. शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी लग्न केलं, तीच पुढं बाया कर्वे. कर्व्यांनी हिंगण्याला आश्रम काढला, १९१६ मध्ये बायकांचं विद्यापीठ काढलं. शिकवायचं मराठीतून, पण इंग्रजी हा विषय सक्तीचा. १९२० मध्ये ठाकरसींची १५ लाखांची देणगी आली आणि विद्यापीठाला नाथीबाई दामोदर ठाकरसींचं नाव लागलं. त्याचं एक मोठं आवार सांताक्रूझ पश्चिमेला जुहू रोडवर आहे. बसमधून जाताना दिसतं ते एसएनडीटी.

गोदूबाईंची एक धाकटी बहीण होती, पार्वतीबाई आठवले. देवरुखच्या. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी विधवा, पदरात एक मुलगा. अक्षरओळख झाली ती पंचविशीनंतर. पुढं हिंगण्याच्या आश्रमात शिकवलं, गावोगाव फिरून वर्गणी जमवली. इंग्रजी शिकायचं फार मनात, पण कामातून सवड होईना. तेव्हा ही बाई १९१८ मध्ये, पन्नाशीला टेकलेली असताना, इंग्रजी शिकायला आणि संस्थेसाठी पैसे जमवायला अमेरिकेला गेली! हाताशी पैसा नव्हता. लोकांच्या घरी धुणी-भांडी, झाडलोट करून राहिली आणि त्यातून भाषा शिकली. ब्राह्मणाच्या घरची विधवा परक्यांची भांडी घासते म्हणून तिला संकोच वाटला असेल, पण आपल्या 'माझी कहाणी'त तिनं ते लपवलेलं नाही. १९२० मध्ये ती परत आली. मला विचाराल तर रमाबाईंपेक्षा पार्वतीबाई आपल्याला जवळच्या. रमाबाई लहानपणापासून विद्वान, त्यांची झेपच वेगळी. पार्वतीबाईंनी मात्र आपल्यासारखीच उशिरा पाटी हातात घेतली.

हे सगळं मी आमच्या बैठकीत सांगितलं तेव्हा कर्ज मागणाऱ्या ताई म्हणाल्या, "मग झालं तर! द्या कर्ज." मी म्हटलं, ताई, रमाबाईंनी आधी ठरवून घेतलं होतं, काय देणार आणि काय मिळणार. तुमच्या एजंटनं काय ठरवलंय ते कागदावर दाखवा. गटानं ठराव केला : शाळेचं नाव आणि पगार लिहिलेलं करारपत्र, व्हिसाचा प्रकार आणि एजंटचा नोंदणी क्रमांक, हे आल्यावर कर्जाचा विचार.

मैत्रिणींनो, हे तुम्हीही लिहून ठेवा. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या कायद्यानं सरकारी नोंदणी लागते. नोंदणी झालेल्यांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर असते, आणि एजंटनं घ्यायच्या फीला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. शिवाय इंग्रजी शिकवायला कोण चालतं हेही प्रत्येक देश ठरवतो. दक्षिण कोरियात इंग्रजी मायबोली असलेल्या सात देशांच्याच लोकांना घ्यायचे. २०१० मध्ये लागू झालेल्या भारत-कोरिया करारानंतर आपल्याकडच्या पात्र शिक्षकांना वाट झाली. म्हणजे पदवी चांगली असली तरी पासपोर्ट कुठला हे बघतातच. कुणी कुणाला शिकवायचं हे ठरवणारे बिशप अजून आहेत, फक्त आता ते खिडकीमागं बसतात.

आमच्या एजंटनं करारपत्र दिलं नाही. टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडं गेल्यावर बदलून घेऊ, असं तो म्हणाला. सांताक्रूझहून वांद्रे-कुर्ला संकुल जवळ. मी, ताई आणि मुलगी रिक्षा करून विदेश भवनात गेलो, चौकशी केली. त्याचं नाव यादीत नव्हतं. गटानं कर्ज नामंजूर केलं.

मुलगी दोन महिने माझ्याशी बोलली नाही. ताई अजूनही म्हणतात, तुमच्यामुळं पोरीची संधी गेली. असेलही, मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. दिवाळीनंतर मुलीनं स्वतःच अर्ज केला, १५,००० रुपयांचा, इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणाची फी म्हणून. या वेळी सह्या लगेच झाल्या. सध्या ती संध्याकाळी चाळीतल्या पोटमाळ्यावर अकरा पोरांना इंग्रजी शिकवते. त्यांच्याबरोबर दोन आयाही बसतात, त्यांच्याकडून ती फी घेत नाही, त्या तिला गुजराती शिकवतात. परवा हप्ता द्यायला आली तेव्हा तिच्या पिशवीत पासपोर्ट होता. मी विचारलं, हा कशाला घेऊन फिरतेस? म्हणाली, "घरी गळतंय, भिजेल."